जाळीचा चेन फोल्डर: पाचवीच्या अख्ख्या वर्गाला घेतला, वर्षभर वापरून कसा वाटला

आमच्या अमळनेरला पाचवीच्या पालकांचं काम या वर्षी माझ्याकडे आहे, आणि जूनमध्ये सगळ्यात आधी हातात घेतलं ते कागदांचं. सहलीचं संमतीपत्र, चाचणीचा पेपर, आधारची झेरॉक्स, उत्पन्नाचा दाखला, काय काय म्हणून दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेलं असायचं आणि मॅडमनी मागितलं की पोरगं म्हणणार, घरी राहिलं. म्हणून सगळ्या वर्गाला एकसारखे फोल्डर घ्यायचं ठरलं, जळगावला फुले मार्केटमधून घाऊक आणले, आता वर्ष संपत आलंय तर जे दिसलं ते लिहितेय, दुसऱ्या शाळेतल्या पालकांच्या कामी येईल.

घेतला तो जाळीचा चेन फोल्डर, एफसी साइज (फूलस्केप, ए४ पेक्षा मोठा), प्रत्येकाला दोन. लाल म्हणजे घरी दाखवायचं, हिरवा म्हणजे शाळेत द्यायचं. बस, एवढंच.

काही पालकांचं म्हणणं होतं की बारा कप्प्यांची ती पंख्यासारखी उघडणारी फाइल घ्या, प्रत्येक विषयाला वेगळा कप्पा. दुकानात दिसते छान, पण दहा वर्षांच्या पोराला बारा जागा लक्षात राहत नाहीत, घाईत तो पुढच्याच कप्प्यात सगळं कोंबतो. आणि भरली की जड होते. केंद्राच्या २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीत दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या वर नको म्हटलंय, तिसरी ते पाचवीला १.७ ते २.५ किलो, त्यात पुस्तकं वह्या डबा पाण्याची बाटली बसवायची का ही फाइल? मोठ्या माणसाला ऑफिसात ठीक आहे, पोरांना नको.

दुसरा स्वस्तातला पर्याय बटनाची माय क्लिअर बॅग, म्हणजे ते पारदर्शक प्लास्टिकचं पाकीट. ती पण नको, आणि आपल्या खान्देशात तर नकोच. बटन लवकर फाटतं हे एक, पण खरी गोष्ट उन्हाची आहे. मऊ, वास येणारं प्लास्टिक म्हणजे बहुतेक पीव्हीसी, त्याला झेरॉक्सची शाई चिकटते, एप्रिलमध्ये पारा ४२-४३ ला गेला की कागद काढताना अक्षरं प्लास्टिकवर उतरलेली दिसतात. दाखल्याची झेरॉक्स अशी गेली की परत रांगेत उभं राहा. कडक, कुरकुर वाजणारं प्लास्टिक असेल तर ते बहुतेक पीपी (पॉलिप्रोपिलीन) असतं, त्याला एवढं चिकटत नाही. आमच्या फोल्डरची जाळीपण पीव्हीसीचीच आहे, पण तिच्यात दोऱ्याची वीण असते आणि वरून खडबडीत, त्यामुळे कागद तसा बसत नाही. तरी मूळ कागदपत्रं यात ठेवू नका, ती घरीच कपाटात.

तक्रारीपण आहेत. चेनचा रनर निघतो, विशेषतः पोरं एका हाताने ओढतात तेव्हा. कोपऱ्याची शिलाई उसवते. पाऊस जाळीतून नाही पण चेनमधून आत जातो, जुलैत काही जणांचे पेपर भिजलेच. रनर सुटलेले फोल्डर एका पालकांनी पकडीने दाबून परत चालू करून दिले, ते टेलरिंगचं काम करतात म्हणून जमलं.

पण खरं सांगायचं तर नुसता फोल्डर देऊन काही होत नाही, त्याच्यामागे पालक लागतात, आणि तेपण कमी बोलणारे. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यात २०२४ पासून सरकारचा आनंददायी शनिवार (नेहमीच्या अभ्यासाऐवजी वेगळे उपक्रम) सुरू झालाय, मॅडमनी त्यातला शेवटचा थोडा वेळ आम्हाला दिला. आळीपाळीने दोन पालक जातात, पोरं दप्तर पूर्ण रिकामं करतात, कागद लावतात, जुने काढतात. पालकांना एकच नियम, हात लावायचा नाही. विचारायचं, हा कागद कुणाला द्यायचाय? पोरगं विचार करून स्वतःच ठेवतं. पहिल्या शनिवारी काही आयांना राहवेना, त्याच भराभर लावायला बसल्या, त्यांना मी हात जोडून मागे बसवलं, कारण कापूस वेचणी सुरू झाली की याच आया सकाळी सहाला शेतात असतात आणि दप्तर पोरालाच भरायचंय.

याच अमळनेरात प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी पोरांच्या खोल्या स्वतः आवरायचे आणि मग ती पोरं आपणहून आवरायला लागली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. ती गुरुजींची माया होती, त्यांनाच जमावं. आपण पालकांनी शेजारी बसून वाट बघितली तरी पुष्कळ.

मला सगळ्यात आवडलं ते रंगांचं. आमच्या गल्लीतली एक आजी, अक्षरओळख नाही, ती रोज संध्याकाळी नातवाला म्हणते, "लाल पिसवीमा काय शे, दखाड माले." (लाल पिशवीत काय आहे, दाखव मला.) सही घ्यायची असेल तर पोराच्या बापाला शेतातून आल्यावर ती आठवण देते. बारा कप्प्यांच्या फाइलीत ही आजी कुठे आली असती?

पैशांचंपण सांगते, कारण पालकांच्या कामात भांडण तिथेच होतं. बिलाचा फोटो लगेच ग्रुपवर, ज्यांच्याकडे व्हॉट्सॅप नाही त्यांना गल्लीतल्या कुणीतरी तोंडी सांगायचं, आणि ज्यांना जमलं नाही त्यांचे पैसे बाकीच्यांत वाटून घेतले, नावं कुठेच लिहिली नाहीत. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्यात, तर आयांनी नुसत्या सहीला न जाता अशी कामं मागून घ्यावीत असं मला मनापासून वाटतं.

माझ्याकडून ५ पैकी ४, एक रनरसाठी कापला. घ्यायचे असतील तर मे महिन्यातच घ्या, जूनला दुकानात उभं राहायला जागा नसते. ए४ देतील पण एफसीच मागा, मोठे दाखले दुमडावे लागत नाहीत. आणि गठ्ठा बांधायच्या आधी प्रत्येकाचा रनर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालवून बघा, अडकला की तिथेच बदलून घ्या.