शुगरी कार्निव्हल, आयर्न गेट की ज्युलिएट ए जस्टीन: पहिला ड्रीम ड्रेस कोणता घ्यावा?

लोलिता म्हणजे फुललेला घेर, लेस आणि बो यांची जपानी फॅशन. तिचा नाद लागला की विशलिस्ट लांबतच जाते. पैसे मात्र एका मोठ्या ड्रेसपुरते जमतात, आणि तेव्हा यादीत तीन अगदी वेगळ्या स्वभावाचे ड्रेस शेजारी शेजारी उभे असतात. अँजेलिक प्रिटीचा शुगरी कार्निव्हल, म्वा-मेम-म्वातिएचा आयर्न गेट आणि ज्युलिएट ए जस्टीनचा एखादा जुन्या चित्रांचा ड्रेस. लोलिताच्या उपशैलींत पहिला स्वीट म्हणजे गोडगुलाबी, दुसरा गॉथिक म्हणजे गडद, तिसरा क्लासिक म्हणजे जुन्या वळणाचा. तिन्ही सुंदर आहेत, त्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. निवड करायची ती ड्रेस घरी आल्यावर काय होईल हे पाहून: अंगावर कितीदा चढेल, त्याच्या मागून आणखी काय घ्यावं लागेल आणि मुळात तो मिळेल कुठून.

आधी शुगरी कार्निव्हल, कारण स्वीट लोलिताचं नाव काढलं की अनेकींच्या डोळ्यांपुढे हाच येतो. अँजेलिक प्रिटीची सुरुवात 1979 मध्ये तोक्योतल्या हाराजुकूत निघालेल्या 'प्रिटी' नावाच्या दुकानातून झाली. आजचं नाव 2001 पासूनचं. आसुका आणि माकी या ब्रँडच्या दोन डिझायनरांनी फिक्या रंगांचं, मिठाईचं, खेळण्यांचं एक अख्खं जग उभं केलं. 2008 सालचा शुगरी कार्निव्हल हा त्या जगाचा सर्वात भरात असतानाचा कपडा. जत्रेतल्या फिरत्या पाळण्याचे घोडे आणि गोडधोड पदार्थ, सगळं एकाच कापडावर. मोकळी जागा ठेवायची नाही, डोळा कुठेही टेकला तरी तिथे काहीतरी गोड सापडलं पाहिजे, असा त्याचा बाणा. त्या काळात हाराजुकूच्या रस्त्यावर, 'केरा' आणि 'गॉथिक अँड लोलिता बायबल'सारख्या मासिकांत स्वीट शैली जितकी सजेल तितकी सजत होती: फिक्या रंगांचे केसांचे टोप, डोक्यावर मोठाले बो, हातात मिठाईच्या आकाराच्या पर्स. हा ड्रेस त्या सगळ्याच्या मधोमध शोभतो.

आणि अडचण तिथेच आहे. असा ड्रेस एकटा घालता येत नाही. लोलितात छापील चित्रं बऱ्याचदा घेराच्या खालच्या भागात मांडलेली असतात. घेर पूर्ण फुलला तरच ती दिसतात, नाहीतर चुण्यांत दुमडून जातात. म्हणजे आत भरघोस पेटीकोट हवाच, कधी कधी दोन. घेर घंटेसारखा गोल उभा राहिला पाहिजे. वर ब्लाउज, खाली रंग जुळणारे मोजे, बो लावलेले गोल टोकाचे बूट, डोक्याला त्याच मालिकेतली कात्युशा म्हणजे हेअरबँड. रंग फिका असल्यामुळे प्रत्येक वस्तूची छटा जुळवावी लागते. मिंट ड्रेसवर जरा वेगळा मिंट मोजा घातला की तो फोटोत ओरडून दिसतो. त्यामुळे ड्रेस घेताना जितका खर्च धराल, जवळपास तितकाच पुढच्या सगळ्या सरंजामासाठी बाजूला ठेवा. ज्यांना हे जुळवणंच आवडतं त्यांच्यासाठी हा खर्च म्हणजे निम्मा आनंद आहे, हेही मनापासून सांगते.

किमतीबद्दल एक गोष्ट. मूळ आवृत्ती दुर्मीळ होती तेव्हा जुन्या कपड्यांच्या बाजारात तिची किंमत खूप चढली होती. नंतर ब्रँडने हा प्रिंट पुन्हा काढला. पहिल्या आवृत्तीसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात मला अर्थ वाटत नाही. तुम्हाला हवा असलेला रंग ज्या आवृत्तीत चांगल्या स्थितीत मिळेल ती घ्यावी.

आयर्न गेटचं आकर्षण नेमकं उलट आहे. म्वा-मेम-म्वातिए हा ब्रँड 1999 मध्ये माना यांनी सुरू केला. मालिस मिझेर या बँडचे गिटारवादक म्हणून त्यांना लोक ओळखत होतेच. 'एलिगंट गॉथिक लोलिता' हे नाव त्यांनी आपल्या शैलीला दिलं आणि स्वतः ते कपडे घालून त्याचं रूप दाखवलं. काळा आणि गडद निळा ही त्यांची जोडी. आयर्न गेटमध्ये काळ्या कापडावर, घेराच्या कडेने लोखंडी फाटकाची नक्षी उभी आहे. इतकंच. त्यावर ना फळं ना प्राणी. लांबून पाहिलं तर काळा ड्रेस, जवळ आलं की फाटक. सगळा जोर एका रेषेवर दिल्यामुळे घालणारीचा चेहरा, चाल आणि हात हे सगळं ठळक होतं. निळ्या नक्षीचा काळा आयर्न गेट हा माझ्या मते या फॅशनमधला सर्वात देखणा छापील ड्रेस आहे, आणि हे मत मी पुढेही लपवणार नाही.

व्यवहारातही तो सोपा पडतो. काळा ब्लाउज, काळे बूट, काळे मोजे, एखादा क्रॉसचा दागिना, संपलं. यातल्या बऱ्याच वस्तू तुमच्याकडे आधीच असतील किंवा कोणत्याही मोठ्या शहरात मिळतील. घेर फुगवायचा तोही थोडाच. एक बरा पेटीकोट पुरतो. पुढे दुसरा गॉथिक ड्रेस घेतला तर हाच सगळा संच त्यावर चालतो.

अडचणी दोन. पहिली मापाची. जपानी लोलिता ब्रँड बहुतेक ड्रेस एकाच मापात काढत आले आहेत. अँजेलिक प्रिटीच्या पुष्कळ जेएसकेंना, म्हणजे बिनबाह्यांच्या, ब्लाउजवर घालायच्या ड्रेसना, पाठीला इलॅस्टिकच्या चुण्या असतात. त्याला शिरिंग म्हणतात आणि त्यामुळे छाती-कमरेला काही सेंटिमीटरची सवलत मिळते. म्वातिएच्या जुन्या कपड्यांत ती सवलत असेलच असं नाही. विकणाऱ्याने दिलेली मापं स्वतःच्या अंगावरच्या मापांशी नव्हे, तर तुम्हाला नीट बसणाऱ्या एखाद्या ड्रेसच्या मापांशी ताडून पाहा, तेही तो ड्रेस सपाट अंथरून. लांबीही बघा. लोलिताचा घेर साधारण गुडघ्यापर्यंत यावा लागतो आणि आत पेटीकोट आला की तो वर उचलला जातो. उंच बाईला हा फरक लगेच जाणवतो. दुसरी अडचण नकलांची. प्रिंट प्रसिद्ध झाला की त्याच्या नकला निघतात. आतल्या लेबलाचे, लेसचे आणि नक्षीच्या कडांचे जवळून काढलेले फोटो पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

ज्युलिएट ए जस्टीनबद्दल थोडक्यात, कारण इथे एकच ठरलेला ड्रेस नाही. मारी नाकामुरा यांचा हा ब्रँड युरोपातली जुनी चित्रं कापडावर उतरवण्यासाठी ओळखला जातो. कमरेखाली चित्र, वरचा भाग साधा किंवा लेसचा, घेर घंटेसारखा न उभा राहता उतरता. ब्लाउज हस्तिदंती किंवा तपकिरी, बूट तपकिरी, मोती, एखादी हॅट. लोलिता म्हणजे काय हे माहीत नसलेल्या माणसालाही हा वेश 'जुन्या काळातला सुंदर ड्रेस' म्हणून समजतो, त्यामुळे संग्रहालयात, नाटकाला, कॉफी प्यायला जाताना तो सहज घालता येतो. तिघांत सर्वात जास्त वेळा अंगावर चढेल असा हाच. शिवाय सगळे एकाच प्रिंटच्या मागे नसतात, त्यामुळे मनासारखा मिळायला जास्त वाट पाहावी लागत नाही. पण मला त्यात ती धडधड जाणवत नाही, जी आयर्न गेटचा फोटो पाहिला की होते. ज्यांना चित्रकलेचं वेड आहे त्यांचं उत्तर कदाचित वेगळं येईल.

मिळवायचं कुठून? तोक्योला जाणं होणार असेल तर हाराजुकूचं लाफोरे हे दुकानांचं संकुल पाहाच. 1978 पासूनची ही इमारत या फॅशनशी घट्ट जोडलेली आहे. जुन्या ड्रेससाठी क्लोझेट चाइल्ड या दुकानात हात लावून, उलटून पाहता येतं, आणि आयर्न गेटसारख्या ड्रेससाठी याची बरोबरी फोटो करू शकत नाहीत. घरबसल्या घ्यायचा असेल तर वुंडरवेल्टसारखी जुन्या लोलिता कपड्यांची दुकानं आहेत, किंवा मर्कारी आणि याहू ऑक्शन या जपानी विक्रीच्या साइटवरून मध्यस्थ कंपनीमार्फत मागवता येतं. मुंबई-पुण्यात बसून मागवणाऱ्यांनी मध्यस्थाचं शुल्क, पार्सलचं वजन आणि कस्टम्सची रक्कम आधीच धरून बजेट ठरवावं. पेटीकोट वजनाला हलका असला तरी जागा फार खातो, म्हणून तो ड्रेसबरोबर जपानहून न मागवता वेगळा घेणं बरं.

जुना ड्रेस घेताना सुटे भाग मोजा. कमरेचे बंद, काढता येणारे बो, पाठीची नाडी यांपैकी एखादं नसेल तर ड्रेस नीट बसत नाही आणि तेवढंच वेगळं मिळणं कठीण. काखेतले डाग आणि गडद कडेचा रंग फिक्या कापडावर उतरला आहे का, हे विचारा. आपल्याकडचा पावसाळा या कपड्यांना मानवत नाही. पैठणीसारखे सुती मलमलीत गुंडाळून, कोरड्या कपाटात ठेवा आणि अधूनमधून हवा द्या.

कपाटात लोलिताचं काहीच नसेल आणि तिन्ही ड्रेस सारखेच आवडत असतील, तर पहिला आयर्न गेट घ्या. सामान कमी लागतं, दिसतो भारदस्त, आणि पुढच्या ड्रेसचा पायाही तयार होतो. मात्र मन फिक्या गुलाबीत अडकलं असेल तर सोयीसाठी काळा घेऊ नका. तो हँगरवरच राहील आणि तुम्ही शुगरी कार्निव्हलचे फोटो पाहत बसाल. तसं असेल तर ड्रेसच्या आधी दोन चांगले पेटीकोट आणि एक साधा पांढरा ब्लाउज घ्या, मग रंग ठरवा आणि त्या रंगाचा पुन्हा काढलेला, पाठीला शिरिंग असलेला ड्रेस विकायला येईपर्यंत थांबा.