संस्थानिकाची म्हणून विकलेली दुनळी रायफल

दक्षिण आफ्रिकेत स्थायिक होऊन, रीतसर परवाना काढून शिकार करणारे मराठी लोक थोडेच असतील. पण त्यांपैकी कोणी जुनी इंग्लिश दुनळी रायफल विकत घेण्याच्या विचारात असेल, तर त्याने पैसे मोजण्यापूर्वी पुढील हकिकत वाचावी, एवढ्याच हेतूने ती लिहीत आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा अध्याय मिटला, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांनी या रायफली पाहिल्या त्या जुन्या राजवाड्यांतल्या काचेच्या कपाटांत, आणि त्यांच्याविषयी आपल्या मनात जो आदर असतो तो त्यांच्या यंत्रापेक्षा त्यांच्या मालकांमुळे अधिक असतो. माझ्या विक्रेत्याला हे नेमके ठाऊक होते.

आफ्रिकी रानरेडा किंवा हत्ती यांच्यासमोर दुनळी रायफल घेऊन उभे राहण्याला एक साधे कारण आहे. तिला दोन नळ्या, दोन चाप आणि दोन स्वतंत्र घोडे असतात, म्हणजे एकाच दस्त्यावर बसवलेल्या त्या दोन रायफलीच असतात. एका बाजूची फायरिंग पिन मोडली किंवा एक काडतूस फुसके निघाले तरी दुसरी बाजू चालते, आणि दुसरा बार काढण्यासाठी बोल्ट मागेपुढे करावा लागत नाही. या खात्रीसाठीच साध्या बोल्ट रायफलीच्या कितीतरी पट किंमत मोजली जाते. ती खात्री नसलेली दुनळी हातात असण्यापेक्षा साधी .३७५ इंच व्यासाची बोल्ट रायफल बरी, असे मी आता अगदी शांतपणे म्हणू शकतो.

मला दाखवलेली रायफल .४५० नायट्रो एक्स्प्रेस होती. सव्वातीन इंच लांबीचे हे काडतूस लंडनच्या जॉन रिग्बी यांनी १८९८मध्ये बाजारात आणले. ४८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २१५० फूट वेगाने जाते. विक्रेता सभ्य, वयस्क आणि बोलण्यात अत्यंत मृदू होता. माझे आडनाव ऐकल्यावर त्याने सांगितले की ही रायफल १९१२मध्ये एका मराठा संस्थानिकाने बर्मिंगहॅमला बनवून घेतली आणि संस्थाने विलीन झाल्यावर ती आफ्रिकेत आली. पुराव्यादाखल त्याने एका टंकलिखित पत्राची छायाप्रतही दिली. मी त्याला विचारले, की ब्रिटिश सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांसाठीच्या त्याच व्यासाच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने ब्रिटिश सरकारने १९०७च्या सुमारास हिंदुस्थानात .४५०ला मनाई केली होती, आणि म्हणूनच तर कारखानदारांनी .४६५, .४७० अशी नवी काडतुसे काढली. मग १९१२मध्ये ही तिकडे कशी गेली? संस्थानिकांना विशेष सवलत मिळत असे, हे त्याचे उत्तर तयारच होते. पुढे कारखान्याच्या वारसदार कंपनीकडे क्रमांक कळवून जुन्या नोंदवहीतला उतारा मागवला, तेव्हा गिऱ्हाईक म्हणून लंडनमधल्याच एका दलालाचे नाव निघाले. हा उतारा थोड्या शुल्कात कोणालाही मिळतो. तो हाती येईपर्यंत कोणत्याही राजघराण्याच्या नावाला एका पैशाचीही किंमत देऊ नये. विक्रेत्याने मात्र तेवढ्या नावासाठी भरघोस रक्कम लावली होती.

खरी फसवणूक याहून गंभीर होती, आणि तिला येथील परवाना पद्धतीचा आडोसा मिळाला. २०००च्या फायरआर्म्स कंट्रोल ॲक्टप्रमाणे परवाना हाती येईपर्यंत शस्त्र ताब्यात घेता येत नाही. ते विक्रेत्याच्या तिजोरीत राहते आणि पोलिसांकडून परवाना येण्यास कित्येक महिने लागतात. पैसे मात्र सुरुवातीलाच द्यावे लागले. मी बार काढून पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा परवान्याशिवाय गोळी झाडणे हा माझ्यासाठी गुन्हा ठरेल, असे त्याने गंभीर चेहऱ्याने बजावले. हे साफ खोटे होते. त्याच कायद्याच्या २२व्या कलमानुसार परवानाधारक स्वतःच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, सुरक्षित ठिकाणी आणि कायदेशीर कारणासाठी, दुसऱ्याला आपले शस्त्र वापरू देऊ शकतो. जो विक्रेता चांदमारीच्या मैदानावर येण्याचे टाळतो, त्याच्याकडे टाळण्यासारखे काहीतरी असतेच.

मैदानाऐवजी त्याने मला एक कागद दाखवला. पन्नास यार्डांवरून उजव्या-डाव्या नळीचे चार बार, आणि चारही भोके दोन इंचांच्या आत. रायफल काळीभोर, तुकतुकीत, जणू कालच कारखान्यातून आलेली. नळ्या चौकटीला जोडणारी बिजागरी घट्ट, उघडताना किंचित जोर लागावा इतकी. आत सढळ हाताने ग्रीस. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर कॉर्डाइट (म्हणजे धूररहित ‘नायट्रो’ दारू) ७० ग्रेन आणि गोळी ४८० ग्रेन असे शिक्के होते. ते खरेच होते, हे सांगितले पाहिजे. कारण याच मापाचे सव्वातीन इंची काडतूस काळ्या दारूच्या जमान्यातही होते, आणि त्या काळातली नाजूक रायफल नायट्रो म्हणून खपवली गेली तर ती झाडणाऱ्याच्याच तोंडावर फुटू शकते. त्या बाबतीत तो खोटे बोलला नव्हता.

परवाना आला आणि थोड्याच दिवसांत झाम्बेझीच्या खोऱ्यातील, झिम्बाब्वेच्या बाजूची रानरेड्याची शिकार ठरलेली होती. कॅम्पवर पोहोचताच तेथील व्यावसायिक शिकाऱ्याने, त्यांच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, रायफल कागदावर झाडून दाखवायला सांगितले. कारखान्याची प्रमाण काडतुसे घातली आणि उजव्या नळीची गोळी नेमाच्या डावीकडे, डाव्या नळीची उजवीकडे गेली. दोहोंत सहा इंचांहून अधिक अंतर, तेही पन्नास यार्डांवर. शिकारी काहीच बोलला नाही, त्याने कॅम्पची .३७५ माझ्यासमोर ठेवली.

येथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण त्या चार भोकांच्या कागदाची लबाडी यातच आहे. दुनळी रायफलीच्या नळ्या समांतर नसतात, तोंडाकडे त्या किंचित जवळ येतात. उजवी नळी झाडली की धक्क्याने रायफल वर आणि उजवीकडे उसळते, डावी झाडली की डावीकडे. गोळी नळीत असतानाच ही हालचाल सुरू झालेली असते, म्हणून कारागीर तोंडाशी पाचर सरकवत, पुन्हा पुन्हा बार काढत दोन्ही गोळ्या एका जागी आणतो आणि मग नळ्या व त्यांच्या मधल्या पट्ट्या डाखाने पक्क्या करतो. हा मेळ ठरावीक वजनाच्या गोळीसाठी आणि ठरावीक वेगासाठीच असतो. वेग कमी पडला तर गोळी नळीत अधिक वेळ राहते आणि प्रत्येक नळी आपापल्या बाजूला फेकते; वेग जास्त झाला तर गोळ्या एकमेकींना ओलांडून विरुद्ध बाजूंना जातात. माझ्या रायफलीचा मेळ मुळातच बिघडला होता. विक्रेत्याने घरी भरलेल्या काडतुसांतली दारू कमी करत करत असा बेत साधला होता की कागदावर भोके जवळ यावीत. पण तेवढ्या मंद गोळीने रानरेड्याचे हाड फोडून फुफ्फुसापर्यंत पोहोचण्याची खात्री कोणी देणार नाही. म्हणून कागद पाहायचाच असेल तर आपण आणलेल्या कारखानी काडतुसांनी, आपल्या डोळ्यांदेखत काढलेला पाहावा: आधी उजवी, लगेच डावी, मग नळ्या पूर्ण थंड होऊ देऊन पुन्हा तसेच. एकाच नळीचे सलग बार काढून केलेला कागद दुनळीबद्दल काहीही सांगत नाही.

प्रिटोरियातील ज्या कारागिराकडे मी रायफल नेली, त्याने आधी नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या, बिजागरीत अडकणाऱ्या त्यांच्या आकड्याला दोरी बांधून टांगल्या आणि लाकडी दांड्याने हलकेच टिचकी दिली. चांगल्या जोडाच्या नळ्यांतून काशाच्या भांड्यासारखा लांबणारा नाद निघतो. येथे नुसता थप् असा आवाज आला. पट्ट्यांखालचा डाख सुटला होता, आणि त्याचे कारण ती तुकतुकीत काळी झिलईच होती. जुन्या दुनळीवर रंग चढवायचा तो मंद गंजाच्या पद्धतीने, दिवसेंदिवस, थर देत देत. येथे मात्र वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी नळ्या उकळत्या कॉस्टिक क्षारांच्या हौदात बुडवल्या होत्या. हे क्षार मऊ डाख खातात, पट्ट्यांच्या आत झिरपून बसतात आणि आतून गंज चढवत राहतात. पट्टीच्या कडेला तांबूस पाझर दिसू लागला होता. विकण्याच्या वेळी तो पुसून वर तेल फिरवले असावे.

मग त्याने बिजागरीतले ग्रीस धुऊन काढले. आकड्याच्या गोलाईत पितळेच्या पत्र्याचा एक पातळ तुकडा दाबून बसवलेला निघाला, आणि तो काढताच नळ्या हाताने हलू लागल्या. नळ्यांचा मागचा भाग आणि चौकट यांच्यामधून दिव्याचा उजेड दिसत होता. दोन-चार डझन बारांत तो पत्रा चेपला जाऊन निघालाच असता. शेवटी त्याने दोन्ही बाजूंना रिकामी सराव-काडतुसे घालून सेफ्टी काढली आणि रबरी हातोडीने दस्त्याच्या बुडावर ठोका दिला, तेव्हा चापाला बोट न लागता डावा घोडा पडला. चाप हलका व्हावा म्हणून कोणीतरी घोडा रोखून धरणारी अटक घासली होती. रानात याचा अर्थ असा, की उजवी नळी झाडताच धक्क्याने डावीही सुटावी आणि जखमी रेडा वळून आला तर हाती रिकामी रायफल असावी. पहिल्या दोन दोषांनी पैसे जातात; या तिसऱ्या दोषाविषयी त्या मृदू बोलणाऱ्या गृहस्थाला मी अद्याप क्षमा करू शकलेलो नाही.

त्याने विक्रीच्या कागदावर ‘फुटस्टूट्स’ हा शब्द घातला होता, म्हणजे माल आहे त्या स्थितीत विकला, नंतर तक्रार नाही. या शब्दापुढे अनेक जण हात टेकतात, पण दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यात दोष ठाऊक असून फसवण्याच्या हेतूने तो दडवणाऱ्याला या शब्दाचे संरक्षण मिळत नाही. ते सिद्ध करण्याचे ओझे मात्र घेणाऱ्यावर असते. म्हणून कारागिराला प्रत्येक भाग उघडण्याआधी आणि उघडल्यावर छायाचित्रे काढायला सांगितले, पितळेचा तुकडा पाकिटात बंद करून त्यावर त्याची सही घेतली, लेखी अहवाल घेतला, आणि ज्या कारखान्याने कॉस्टिकची झिलई केली होती त्याचे विक्रेत्याच्याच नावचे बिल मिळवले. वकिलाचे पत्र आणि हे बिल एकत्र गेल्यावर त्याने निम्म्याहून थोडी अधिक रक्कम परत केली, ती घेऊन मी वाद मिटवला. रायफल अद्याप त्याच कारागिराकडे आहे: पट्ट्या उकलून आतला गंज काढणे, नळ्या नव्याने जोडून मेळ बसवणे, आकड्यावर नवे धातूकाम, नवी अटक. या खर्चाचा अंदाज परत मिळालेल्या रकमेच्या पुढे गेला आहे, आणि नव्या जोडाची रायफल दाबाच्या चाचणीतून गेल्याशिवाय तिच्यात पूर्ण भाराचे काडतूस घालणार नाही, असे त्याने लिहून दिले आहे.