रॉयल एनफिल्डची कुठली बाइक: मीटिअर की हिमालयन?

समृद्धीवर दुचाकीला बंदी. त्यामुळे नागपूरकराचा लांबचा रस्ता म्हणजे ४४ नंबरचा हायवे: खाली हैदराबाद, वर पेंचच्या जंगलातून सिवनी.

मीटिअर ३५० ची सीट जमिनीपासून ७६५ मिमी उंच, दोन्ही पाय पक्के टेकतात. ऐंशीच्या चालीत दिवसभर धडधडत जाते. पण ताकद वीस बीएचपी. मागे बायको आणि बॅगा असल्या, की ट्रक ओलांडताना आधी हिशेब करावा लागतो. हिमालयन ४५० ला जवळपास दुप्पट ताकद, इंजिन थंड ठेवायला लिक्विड कूलिंग, टाकी १७ लिटरची (मीटिअरची १५). सीट मात्र ८२५. माझ्यासारखा बुटका सिग्नलला नर्तकीसारखा चवड्यांवर उभा!

लडाखचं वेड असेल तर हिमालयन घ्या. मी उन्हाळ्यात पहाटे चारला निघून ऊन तापायच्या आत सिवनीत चहा पिणारा. मला मीटिअर.