खान्देशचा झेंडा: तीन आडवे पट्टे की काळ्या पट्टीवरचं कापसाचं बोंड?

अहिराणी संमेलन असो की गावचं सांस्कृतिक मंडळ, झेंड्याची चर्चा निघाली की फिरून याच दोन आराखड्यांवर येते.

पहिला आराखडा तीन आडव्या पट्ट्यांचा: वर हिरवा सातपुडा, मधे निळी तापी, खाली काळी जमीन. नकाशात उत्तर वर असते, त्यामुळे क्रम अगदी बरोबर लागतो. पण तिन्ही रंग गडद आहेत. शंभर पावलांवरून, त्यातही संध्याकाळी, तिघांचा मिळून एकच काळपट तुकडा दिसतो. उपाय म्हणजे प्रत्येक जोडावर दोन-अडीच सेंटिमीटरची पांढरी पट्टी. तिने शिलाई वाढते, पण तिच्याशिवाय हा आराखडा घेऊ नका. निळ्याऐवजी पांढरा आणि काळ्याऐवजी भगवा घेण्याची सूचना हमखास येते. ती तिथेच थांबवा, कारण लांबून तो उलटा तिरंगा वाटेल.

दुसऱ्या आराखड्यात काठीच्या बाजूला एक तृतीयांश उभी काळी पट्टी, तिच्यावर फुटलेलं पांढरं बोंड आणि उरलेला भाग पिवळा. काळा म्हणजे जमीन, पांढरा म्हणजे कापूस, पिवळा म्हणजे इथलं ऊन. पिवळ्याला केळीचा रंग म्हणू नये. ती ओळख जळगावकडची. मग नंदुरबारवाले मिरचीसाठी लाल मागतील, आणि ते रास्तच असेल. कापूस मात्र जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचा. नुसता पिवळा झेंडा खंडोबाच्या भंडाऱ्याचा वाटतो आणि पूर्ण काळा निषेधाचा, म्हणून काळा एक तृतीयांशापुढे नेऊ नये.

आमचा कौल दुसऱ्याला. काळ्यालगत पिवळा सगळ्यात लांबून ओळखू येतो. शिवाय वारा पडला की झेंड्याचं मोकळं टोक लोंबतं, काठीजवळचा भाग त्यातल्या त्यात उघडा राहतो, म्हणून चिन्हाची जागा तीच. शाळेच्या भिंतीवर किंवा स्टेजमागे सपाट लावायचा असेल, तर पट्ट्यांचा आराखडाही शोभून दिसतो.

तयार माप ९० × ६० सेंटिमीटर धरा. पट्ट्यांच्या आराखड्याला पांढऱ्या पट्ट्या सोडून प्रत्येकी साधारण १०० × २३ सेंटिमीटरचे तीन तुकडे लागतात. त्यात जोडासाठी आणि दुमडीसाठी दीड-दीड सेंटिमीटर धरलेले आहेत. लांबीतले जादा १० काठीच्या नेफ्यात आणि टोकाच्या दुमडीत जातात. बोंडाच्या आराखड्यात काळी पट्टी ३० सेंटिमीटर रुंद आणि बोंड २२ ते २४ सेंटिमीटरचं. चार ठसठशीत पाकळ्या आणि खाली टरफल पुरे. धाग्यांचे बारकावे वर गेल्यावर दिसत नाहीत.

बोंड शिवून लावायचं तर पांढऱ्या कापडाचे दोन थर घ्या, एका थरातून खालचा काळा दिसतो. मागच्या बाजूलाही तसंच बोंड लावून कडेने झिगझॅग शिलाई मारा. सब्लिमेशन छपाई (उष्णतेने शाई कापडात उतरवण्याची) स्वस्त पडते, पण तिच्यात पांढरी शाई नसते. पांढऱ्या पॉलिएस्टरवर बोंडाची जागा कोरी सोडून भोवती काळा छापतात आणि मागच्या बाजूने तो काळा फिका उतरतो. स्क्रीन प्रिंटचा जाड पांढरा थर घडीवर तडकतो.

कापड कोणतं? बाहेरच्या काठीला पॉलिएस्टर: हलक्या वाऱ्यातही फडकतं, पावसानंतर लवकर वाळतं. सुती कापड भिजलं की जड होऊन लोंबतं, पण सभागृहात त्याचाच पोत देखणा. सुती घेतलं तर शिवण्याआधी सगळे रंग धुऊन घ्या, नाहीतर एक रंग जास्त आटतो आणि जोडावर चुण्या पडतात. मे महिन्यात कापडाची पट्टी अर्धी झाकून पंधरा दिवस गच्चीवर ठेवा; उघडा भाग फिका पडला तर तो ठोक घेऊ नका. झेंडा फाटायला सुरुवात होते ती मोकळ्या टोकापासून, म्हणून तिथे दुहेरी दुमड आणि शिलाईच्या तीन-चार ओळी हव्यातच.

फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनात झेंडा मधेच अडकला होता आणि तो सोडवायला एका तरुणाला खांबावर चढावं लागलं होतं. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी झेंडा कप्पीवरून पूर्ण वर-खाली करून पाहा. तिरंगा जवळ असेल तर हा झेंडा त्याच्यापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने लावता येत नाही. वेगळी जागा आणि कमी उंचीची काठी आधीच ठरवा.