नीतिशास्त्राचा पहिला कोर्स: उपदेश नाही, उलटतपासणी आहे

माझी नोकरी हिशेबतपासणीची. नीतिमत्तेशी आमची गाठ पडायची ती वर्षातून एकदा, आचारसंहितेच्या कागदावर सही करण्यापुरती. त्यामुळे महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षासाठी असलेला हा ऑनलाइन कोर्स लावला तेव्हा चार उपदेश ऐकायची तयारी ठेवूनच बसले होते. एकही ऐकावा लागला नाही.

सुरुवातच खटल्याने होते. १८८४ साली 'मिन्योनेट' नावाची नौका बुडाली आणि चौघे जण लहानशा होडीत अडकले. उपासमारीत कप्तान डडली आणि त्याचा सहकारी स्टीफन्स यांनी आजारी पडलेल्या १७ वर्षांच्या रिचर्ड पार्करला मारायचं ठरवलं. उरलेले तिघे त्याच्या मांसावर जगले. जीव वाचवण्याची गरज हा खुनाचा बचाव होऊ शकत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. फाशीची शिक्षा झाली, पण ती कमी होऊन सहा महिन्यांच्या कैदेवर आली. प्राध्यापक स्वतःचं मत सांगत नाहीत, फक्त एकेक अट बदलत जातात. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर? पोराने होकार दिला असता तर? होडीतला चौथा माणूस ब्रूक्स मारायला तयार नव्हता, पण खायला बसला, त्याचं काय? तासाभरात माझं मत दोनदा पालटलं.

'शेवटी ज्याचं त्याचं मत' म्हणणारे प्रत्येक वर्गात असतात. त्यांना दुसऱ्याच व्याख्यानात उत्तर मिळतं: लोकांचं एकमत नाही, एवढ्यावरून कुणीच चुकत नाही असं सिद्ध होत नाही. हे लवकर उरकलं ते बरं झालं.

ज्यातून जास्तीत जास्त सुख मिळेल ते योग्य, असं म्हणणाऱ्या तत्त्वज्ञ बेंथमचा भाग माझ्या खास आवडीचा, कारण तिथे मला भांडता आलं. सुख मोजायचे त्याचे सात निकष आहेत: तीव्रता, कालावधी, खात्री, जवळीक वगैरे. रकाने झकास, पण एकक कोणतं? तीव्रतेत कालावधी मिळवायचा कसा? असा ताळेबंद माझ्या टेबलावर आला असता तर मी परत पाठवला असता. मग त्याच्याच परंपरेतला मिल येऊन सुखांत वरची आणि खालची प्रत असा भेद करतो, म्हणजे आणखी एक रकाना.

जर्मन तत्त्वज्ञ कांटवर मात्र घाई झाली आहे. मारेकऱ्याने दारात येऊन मित्राचा पत्ता विचारला तरी खोटं बोलू नये, हे त्याचं १७९७ मधलं म्हणणं ऐकून सगळे हसतात आणि पुढे सरकतात. तो असं का म्हणतो, ते नीट उलगडत नाही. ॲरिस्टॉटल तर शेवटी उरलेल्या वेळात. उलट ट्रॉलीच्या कोड्याचा (सुटलेली ट्रॉली पाच जणांवर जाऊ द्यायची, की रूळ बदलून एकावर?) नको तितका रतीब. तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ साली गर्भपातावरच्या लेखात ते उदाहरण दिलं होतं. इथे तो संदर्भ गळून नुसतं कोडं उरलंय. शिवाय प्रत्येक सिद्धान्त एका आठवड्यात उभा करायचा आणि पुढच्या आठवड्यात पाडायचा, या पद्धतीमुळे नवख्या मुलांना सगळंच फोल वाटू शकतं.

चाचण्या म्हणजे नावांच्या आणि सिद्धान्तांच्या जोड्या लावा. निबंध मात्र कसून घेतात: स्वतःची बाजू मांडायची, मग विरोधकाला 'हो, हेच माझं म्हणणं' असं वाटेल इतक्या ताकदीने त्याचा आक्षेप लिहायचा आणि नंतरच उत्तर द्यायचं. वेळ कमी असेल तर चाचण्या सोडा, प्रमाणपत्रही सोडा, निबंध लिहा.