आरएमआय की जीआरपीसी: दोन मशीनवरच्या छोट्या ॲपसाठी काय घ्याल?

पुढच्या मशीनवर टॉमकॅट हा वेब सर्व्हर आणि त्यात चार सर्व्हलेट (ब्राउझरच्या विनंत्यांना उत्तर देणारे जावा क्लास), मागच्या मशीनवर गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवणारं एक ऑब्जेक्ट. एवढंसं ॲप मी दोनदा लिहिलं, आधी जावा आरएमआयवर, मग जीआरपीसीवर; दोन्ही म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवरचा कोड बोलवायच्या पद्धती. (याच कामाचा जुना कोर्बा मनात असेल तर सोडून द्या, जावा 11 पासून तो जेडीकेमध्ये, म्हणजे जावाच्या मूळ संचात, येतच नाही.)

लिहायला आरएमआयच सुखाचं, हे कबूल करतो. एक इंटरफेस, त्यातल्या मेथडना रिमोटएक्सेप्शन (नेटवर्क बिघडलं तर येणारी चूक), झालं. जावा 5 पासून आरएमआयसी हे टूल चालवून स्टब (मागच्या ऑब्जेक्टचा पुढच्या मशीनवरचा प्रतिनिधी) बनवायची कटकटही गेली. सर्व्हलेटमधून `शिल्लक(मालक्रमांक)` म्हटलं की मागच्या मशीनवरचं ऑब्जेक्ट उत्तर देतं. शिवाय ते खरंखुरं ऑब्जेक्ट असतं: त्याचा रेफरन्स दुसऱ्याला देता येतो, कॉलबॅकही घेता येतो, म्हणजे मागचं मशीन उलट पुढच्याला बोलवू शकतं. जीआरपीसीत हे नाही. तिथे फक्त सर्व्हिस आणि मेसेज. वर सर्व्हिस आणि मेसेज लिहून ठेवायची प्रोटो फाइल, त्यातून कोड बनवायला मेव्हन या बिल्ड टूलचं प्लगइन, आणि प्रत्येक मेसेज भरायला बिल्डरांची लांबच लांब माळ. पहिल्या दिवशी मी वैतागलो होतो.

पण आरएमआयवर माझं घोडं अडलं ते डिप्लॉय करताना. लॅपटॉपवर सगळं छान चाललं. सर्व्हरवर चढवलं, रजिस्ट्री (नावावरून ऑब्जेक्ट शोधून देणारी यादी) 1099 या पोर्टवर सापडली, लुकअपही झाला, आणि पहिल्याच कॉलला `कनेक्शन रिफ्यूज्ड टू होस्ट: 127.0.1.1`. आम्ही तर मागच्या मशीनचा खरा पत्ता दिला होता! अर्धा दिवस फायरवॉलला शिव्या घालण्यात गेला. भानगड अशी की आरएमआयचा स्टब स्वतःच्या पोटात सर्व्हरचा पत्ता घेऊन येतो, आणि तो पत्ता सर्व्हर स्वतःला काय समजतो त्यावर ठरतो. उबुंटूच्या होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव 127.0.1.1 ला, म्हणजे ज्या मशीनवर वापराल त्याच मशीनकडे वळणाऱ्या पत्त्याला, बांधलेलं होतं. म्हणजे पुढचं मशीन बिचारं स्वतःचंच दार ठोठावत होतं.

`जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम` ही प्रॉपर्टी दिल्यावर तो प्रश्न सुटला, आणि लगेच दुसरा उभा राहिला: पोर्ट सांगितला नाही तर ऑब्जेक्ट मिळेल त्या पोर्टवर बसतं, त्यामुळे नुसता 1099 उघडून भागत नाही. पुढे ॲप डॉकरच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या बंद डब्यात) चालवायला गेलो तेव्हा कळलं की कंटेनरच्या आतला आणि बाहेरचा पोर्टही एकच ठेवावा लागतो, कारण तोही स्टबमध्येच असतो.

जीआरपीसीत पत्ता क्लायंटने द्यायचा, पोर्ट एकच, खाली एचटीटीपी/2. मशीन बदललं तेव्हा कॉन्फिगमधली एक ओळ बदलली. त्या दिवशी घरी वेळेवर गेलो. ब्राउझरमधून थेट कॉल मात्र करता येत नाही, मध्ये प्रॉक्सी लागते. आमच्याकडे मध्ये सर्व्हलेट होतेच, म्हणून ते जाणवलं नाही. वेग मोजला नाही, पण वापरणाऱ्यांपैकी कुणी तक्रार केली नाही.

तुमची दोन्ही टोकं जावातच राहणार असतील, मशीन एकाच नेटवर्कवर असतील आणि कॉलबॅक हवेच असतील, तर आरएमआयला माझा विरोध नाही. फक्त ती प्रॉपर्टी पहिल्याच दिवशी स्टार्ट स्क्रिप्टमध्ये घाला आणि ऑब्जेक्टचा पोर्ट ठरवून टाका. रजिस्ट्री त्याच प्रोसेसमध्ये सुरू केली तर ऑब्जेक्टलाही 1099 च पोर्ट देता येतो, फायरवॉलवाल्याकडे दुसऱ्यांदा जावं लागत नाही.