द्राक्षबागेतील कामासाठी जयपूर फूट: एका बागायतदाराचा अभिप्राय

गुडघ्याखाली पाय गमावलेल्या माणसाला द्राक्षबागेतील काम पुन्हा करता येईल का, हे ठरवताना त्याला नुसते चालता येते की नाही एवढे पाहून भागत नाही. ओल्या काळ्या मातीत त्याचा पाय टिकतो का आणि वेलीच्या बुंध्याशी त्याला उकिडवे बसता येते का, हे पाहावे लागते. आमच्या निफाड तालुक्यातील बागेत एक अनुभवी कामगार अपघातानंतर जयपूर फूट हा कृत्रिम पाय लावून कामावर परतले आहेत. त्यांचे काम जवळून पाहून आणि त्यांच्याशी वेळोवेळी बोलून हा अभिप्राय लिहीत आहे.

हा पाय 1968 च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या प्रयत्नांतून आकाराला आला. त्या काळी मिळणारे विलायती पाय बुटात घालूनच वापरावे लागत आणि घोट्यात ताठ असत, त्यामुळे अनवाणी वावरणाऱ्या, जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या आणि शेतात राबणाऱ्या माणसाला त्यांचा फारसा उपयोग नव्हता. जयपूर फुटात टाच व चवडा स्पंजसारख्या रबराचे, घोट्याचा ठोकळा लाकडाचा आणि त्या सर्वांवर साच्यात पक्के केलेले जलरोधक रबराचे आवरण असते. या रचनेमुळे पाऊल वर-खाली आणि दोन्ही बाजूंना थोडे वळते, आणि ढेकळांच्या जमिनीवर हे वळणेच सर्वांत मोलाचे ठरते. पायाची नळी व सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो तो खोलगट भाग) हाय डेन्सिटी पॉलिथिलीनचे, म्हणजे आपण पाण्याच्या पाइपलाइनसाठी वापरतो त्याच प्लॅस्टिकचे असते. 1975 मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हा पाय विनामूल्य बसवून देते.

बागेत त्याचा सर्वाधिक फायदा खोडावरच्या फुटी काढताना आणि ठिबकच्या नळ्या तपासताना दिसतो, कारण ही कामे वाकून किंवा उकिडवे बसूनच करावी लागतात. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी परतीचा पाऊस झाला की बूट चिखलात रुतून बसतो; हा पाय मात्र अनवाणी वापरता येतो आणि संध्याकाळी पाण्याने धुऊन काढता येतो. या बाबतीत मी त्याला निःसंकोच पूर्ण गुण देईन.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. प्लॅस्टिकच्या सॉकेटमधून हवा खेळत नाही, त्यामुळे एप्रिलच्या खरड छाटणीत (फळे काढून झाल्यावरच्या खोल छाटणीत) उरलेल्या पायाला खूप घाम येतो, मोजा ओला होतो आणि घर्षणाने कातडी सोलवटण्याचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेनंतरच्या काळात उरलेला पाय हळूहळू बारीक होतो आणि सॉकेट सैल पडू लागते, म्हणून ते पुन्हा बसवून घ्यावे लागते. भरलेले क्रेट उचलून भुसभुशीत सरीतून चालणे हे काम तर या पायावर टाकूच नये, असे माझे ठाम मत आहे.

येथे मालकाची जबाबदारी सुरू होते, आणि माझ्या मते कामगार टिकतो की सोडून जातो हे पायापेक्षा याच गोष्टीवर अधिक ठरते. आमच्या भागात छाटणी, पेस्टिंग (छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना औषध लावणे), डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे) आणि विरळणी ही कामे बहुधा टोळीला एकराच्या दराने उक्ती दिली जातात. सरी ओलांडायला एका माणसाला जास्त वेळ लागला तर त्याची झळ संपूर्ण टोळीच्या कमाईला बसते, आणि मग कामात कितीही हुशार असला तरी त्याला सोबत घ्यायला कोणी तयार होत नाही. यात टोळीला दोष देण्यात अर्थ नाही, कारण दर ठरवतो तो मालक. आम्ही जयपूर फूट लावणाऱ्या आमच्या या कामगाराला उक्त्यातून काढून रोजंदारीवर घेतले आणि मजुरी इतरांइतकीच ठेवली. घडांची विरळणी त्यांना बसून करता यावी म्हणून उंच स्टूल बनवून घेतले आणि ते मातीत रुतू नये यासाठी त्याच्या पायांखाली रुंद फळी ठोकली. क्रेट वाहण्यासाठी हातगाडी आणली, जी आता सगळेच वापरतात. मोजा बदलून पाय कोरडा करता यावा, यासाठी सावलीत बसण्याची जागा आणि ठरलेली विश्रांती दिली. हा वेळ मजुरीतून कापला जात नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये अवाजवी भार न पडता करता येणाऱ्या आवश्यक व योग्य बदलांची संकल्पना स्पष्टपणे मांडलेली आहे. आमचा खर्च पाहता, बागेतले हे बदल त्या मर्यादेच्या कितीतरी अलीकडे राहतात.

ज्यांच्या कामगाराला असा पाय बसवायचा आहे त्यांनी, जखम पूर्ण भरल्याची खात्री डॉक्टरांकडून करून घेतल्यानंतर, शक्यतो पावसाळ्याच्या सुरुवातीचा काळ निवडावा. तेव्हा बागेत कामाची घाई तुलनेने कमी असते, रोज थोडा थोडा वेळ पाय लावून चालण्याचा सराव होतो आणि सॉकेट कुठे टोचत असेल तर ऑक्टोबर छाटणीपूर्वी ते दुरुस्त करून घेता येते.